खुराड्यातली ओल जात नाही, वास पुन्हा येतो: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

भुसा बदलला की दोन दिवस बरं वाटतं. मग पुन्हा दार उघडताच डोळ्यांना झोंबणारा वास, पायाखाली चिकट थर आणि कडेच्या फळीवर बुरशी. स्वतः बांधलेल्या खुराड्यांची ही सर्वांत नेहमीची तक्रार आहे, आणि तिच्यावर एकच उपाय पुन्हा पुन्हा केला जातो: आणखी भुसा. भुसा पाणी धरून ठेवतो, पाणी येणं थांबवत नाही. त्याची धरायची ताकद संपली की वास परत येणारच. म्हणून आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं, भुसा शेवटी.

खालचं सगळं ५ ते २५ कोंबड्यांच्या, जमिनीवर भुशाची किंवा तुसाची गादी अंथरलेल्या खुराड्यासाठी आहे. तपासणीचा क्रम फुकटच्या गोष्टींपासून बांधकामापर्यंत जातो. तो मोडू नका. पत्रा बदलून झाल्यावर दोष पाण्याच्या भांड्याचा निघाला, असं फार वेळा होतं.

लक्षणं

- सकाळी पहिल्यांदा दार उघडल्यावर नाकात घुसणारा तीक्ष्ण वास. दार उघडं राहिलं की तो कमी होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तितकाच असतो.
- गादीवर पापडी धरलेली. खुरप्याने उचलली तर ढेप निघते आणि ढेपेखाली काळा, गुळगुळीत चिखल असतो.
- कोंबड्यांचे डोळे पाणावलेले किंवा अर्धवट मिटलेले. डोळा पंखावर घासणं, शिंका.
- तळपायावर काळे खपले किंवा चिरा. पोटाखालची पिसं चिकटलेली, अंडी मळलेली.
- माश्या वाढलेल्या. गादीत अळ्या दिसल्या तर ती ओल आजची नाही, काही दिवसांची आहे.
- पत्र्याला आतून थेंब, स्क्रूभोवती गंज, फळ्यांच्या तळाशी काळपट पट्टा.

यातलं एखादंच लक्षण असेल तर काम बहुधा अर्ध्या दिवसाचं आहे. तीन-चार एकत्र असतील तर पाणी एकापेक्षा जास्त वाटांनी येतंय असं धरून चाला. पहिला दोष सापडला म्हणून थांबू नका.

हत्याराला हात लावण्याआधी: ओल कुठे आहे आणि केव्हा येते

कागदावर खुराड्याचा चौकोन काढा आणि ओले भाग रंगवा. कोंबड्या रात्री ज्या दांडीवर बसतात तिच्याखाली एकच ओला पट्टा असेल तर ती रात्रीची शिट आहे. भांड्याभोवती गोल असेल तर भांडं. एका भिंतीच्या कडेने लांबट पट्टा असेल तर झड किंवा पागोळीचं पाणी. एकाच ठिकाणी हाताएवढा डाग आणि वर पाहिलं तर तिथेच स्क्रू, तर छप्पर. सगळीकडे सारखीच ओल असेल आणि पाऊस पडलेला नसेल, तर हवा कोंडते आहे किंवा जमीन पाणी वर ओढते आहे.

सोबत वेळ लिहून ठेवा. फक्त पावसानंतर, रोज सकाळी, की कायम? दोष शोधायला या दोन प्रश्नांची उत्तरं महागड्या कुठल्याही उपकरणापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

आता पाण्याचा हिशेब, कारण तो डोळ्यांसमोर नसला की माणूस चुकीच्या जागी खर्च करतो. अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला सुमारे २०० ते २५० मिली पाणी पिते, कडक उन्हाळ्यात त्याच्या दुप्पटही. ती दिवसाला साधारण १०० ते १५० ग्रॅम शिट टाकते आणि त्यात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं. म्हणजे १० कोंबड्या कुठलीही गळती नसताना पाऊण ते एक लिटर पाणी रोज बाहेर टाकतात. त्यातलं बरंचसं खुराड्यातच पडतं. श्वासातून येणारी वाफ वेगळी. चांगली गादी आणि खेळती हवा एवढं पाणी सहज सुकवतात. त्यावर दुसरीकडून पाणी आलं की गणित बिघडतं.

१. मूठ आणि नाक

दांडीखालून, भांड्याजवळून, मधून आणि दोन कोपऱ्यांतून गादीची एकेक मूठ घ्या. घट्ट दाबा, मग हात उघडा. लगेच सुटी झाली, पण धूळ उडाली नाही, तर ओल योग्य आहे, म्हणजे साधारण २० ते २५ टक्के. गोळा तसाच राहिला तर ओल ३० टक्क्यांच्या पुढे गेली आहे. बोटांतून पाणी सुटलं तर ती गादी वाचवण्यात अर्थ नाही, तेवढा भाग काढून टाका. मुळीच धरत नसेल आणि नाकात धूळ जात असेल तर ती फार कोरडी आहे, आणि तेही कोंबड्यांच्या श्वासाला चांगलं नाही.

वास घ्यायचा तो खाली बसून, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर. हा झोंबणारा वास अमोनिया वायूचा. तो तयार होतो गादीत, आणि कोंबडी दिवसभर त्याच्या लगत असते. उभ्या माणसाला जो वास जेमतेम येतो तो तिच्या उंचीवर कितीतरी जास्त असू शकतो. हवेत २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर अमोनिया टिकून राहिला की श्वासनळीतले बारीक केस निकामी होऊ लागतात, आणि धूळ व जंतू बाहेर टाकण्याचं काम तेच करतात. रोज आत जाणाऱ्याचं नाक या वासाला सरावतं. म्हणून घरातल्या अशा माणसाला वास घ्यायला सांगा जो एरवी तिकडे फिरकत नाही.

२. पाण्याचं भांडं

ओलीचं सर्वांत नेहमीचं कारण हेच. निपलमधून (चोचीने टोचल्यावर पाणी सोडणारी बारीक तोटी) सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला किमान ४ लिटर पाणी गादीत जातं. १० कोंबड्यांच्या शिटेतून येणाऱ्या पाण्याच्या चौपट!

रात्री भांडं भरून कोऱ्या पुठ्ठ्यावर ठेवा, कोंबड्यांपासून लांब. सकाळी पुठ्ठा ओला असेल तर भांडं गळतंय. उलट्या बाटलीचं भांडं असेल तर आधी ते समतळ आहे का पाहा. ते तिरकं झालं की खालचं भोक एका बाजूने उघडं पडतं, आत हवा शिरते आणि ताटली भरून वाहत राहते. बाटलीला केसाएवढी चीर गेली तरी हेच होतं. बाहेरून ती चीर दिसत नाही. बाटली पाण्यात बुडवून दाबली की बुडबुडे दिसतात.

निपल ठिबकत असेल तर काढून धुवा. बहुधा आत वाळूचा कण किंवा शेवाळ अडकलेलं असतं. टाकी फार उंच ठेवली तर दाब वाढूनही निपल ठिबकतं. नळाच्या थेट दाबावर तर ते कधीच जोडू नका.

उंची: ताटलीची कड कोंबडीच्या पाठीच्या रेषेत. त्याहून खाली असेल तर त्या उकरताना पाण्यात भुसा उडवतात आणि चोचीतलं पाणी झटकतात. निपल मात्र डोक्याच्या वर, मान ताणून प्यावं लागेल असं. तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) वाढत असतात, म्हणून उंची दर आठवड्याला पाहावी लागते.

भांडं १२ मिमी जाळी ठोकलेल्या उथळ खोक्यावर ठेवलं की सांडलेलं पाणी खोक्यात पडतं, गादीत नाही. त्याहून सोपं म्हणजे भांडं बाहेरच्या अंगणात हलवणं. कोंबड्या अंधारात पाणी पीत नाहीत, त्यामुळे रात्री आत पाणी नसलं तरी चालतं. अट एकच: उजाडताच दार उघडलं गेलं पाहिजे. उशिरा उठणाऱ्या घरात पाणी आतच ठेवा.

भांडं दुरुस्त केल्यावर तीन दिवस थांबा आणि पुन्हा मूठ दाबून पाहा. पुष्कळदा काम इथेच संपतं.

३. गादी: कशाची, किती, आणि उलथली जाते का

सुरुवातीला किमान ४ इंच गादी हवी. दीड-दोन इंच पसरून रोज वरून थोडी टाकत राहिलं तर खालचा थर कधीच सुकत नाही. रंध्याचा जाड भुसा सर्वांत सोयीचा: पाणी शोषतो आणि लवकर सोडतोही. भाताचं तूस कमी शोषतं, पण मोकळं राहतं आणि चटकन सुकतं. करवतीचा बारीक भुसा टाळा. तो दाबला जाऊन थर धरतो आणि कोरडा असला तर धूळ करतो. लांब पेंढा वापरायचाच असेल तर २ इंचांचे तुकडे करून, नाहीतर त्याची चटई होते आणि खाली हवा जात नाही. साहित्य कुठलंही असो, त्याला कुबट वास येत असेल तर ते आत आणू नका. बुरशीचे कण कोंबडीच्या फुप्फुसात गेले तर त्यावर उपचार जवळजवळ नाहीत.

आठवड्यातून दोनदा दाताळ्याने गादी तळापर्यंत उलथा. शिटेतल्या युरिक ॲसिडचा अमोनिया जीवाणू करतात आणि त्यांना ओल व ऊब लागते. पापडी धरली की ओल आत कोंडते. उलथल्यावर ती हवेत जाते. पापड्या फोडून परत पसरू नका, उचलून बाहेर खताच्या खड्ड्यात टाका. संध्याकाळी मूठभर दाणे गादीवर विखुरले तर उकरायचं निम्मं काम कोंबड्याच करतात.

चांगल्या गादीला पावसानंतरच्या रानमातीसारखा मंद वास असतो. वास अजिबात नसावा, असा आग्रह धरू नका.

चुन्याबद्दल इथेच सांगणं भाग आहे, कारण बिघाड वाढवणारा सर्वांत लोकप्रिय उपाय तोच आहे. ओल्या, वास मारणाऱ्या गादीवर चुना टाकू नका. चुना अल्कधर्मी असतो. गादीतला विरघळलेला अमोनियम त्यामुळे झपाट्याने वायू होऊन हवेत सुटतो. तासाभरात वास वाढतो, आणि दोन दिवसांनी तो कमी झाला म्हणजे औषध लागू पडलं असं वाटतं. प्रत्यक्षात तेवढा अमोनिया कोंबड्यांच्या छातीत जाऊन आलेला असतो. विरीचा (पाण्याने विझवलेला) चुना वापरायचा तर गादी पूर्ण काढून, जमीन झाडून, सुकवून, त्यावर पातळ फासा आणि मग कोरडी गादी अंथरा. कळीचा चुना मुळीच नको. ओल लागली की तो तापतो आणि पाय भाजतात.

४. दांडीखाली तख्त

कोंबड्या जवळजवळ निम्मी शिट रात्री टाकतात, आणि तीही दांडीखालच्या हातभर पट्ट्यात. दांडीच्या ६ ते ८ इंच खाली, दीड-दोन फूट रुंद फळी आडवी बसवा आणि रोज सकाळी खरवडून शिट बादलीत भरा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि गादीत जाणारं पाणी निम्म्यावर येतं. या सगळ्या यादीतला कष्टाच्या मानाने सर्वांत जास्त फळ देणारा बदल हाच. फळीवर गुळगुळीत लॅमिनेट किंवा जुन्या लिनोलियमचा तुकडा ठोकला तर खरवडणं सोपं जातं आणि लाकूड ओल पीत नाही.

५. शिटच पातळ आहे का

तख्त बसवल्यावर हे तपासणंही सोपं होतं. नेहमीची शिट घट्ट आणि टोकाला पांढरी असते. साधारण ८-१० शिटांमागे एक तपकिरी, चिकट, फार घाण वासाची असते. ती आंत्रपुच्छातून येते आणि ती आजार नाही. बाकीच्याही पाण्यासारख्या असतील तर खाद्य पाहा. खाद्यात मीठ जास्त असेल किंवा घरातलं खारट उरलंसुरलं जात असेल, तर कोंबडी जास्त पाणी पिते. गरजेपेक्षा जास्त प्रथिनं दिली तर युरिक ॲसिड वाढतं, म्हणजे अमोनियाचा कच्चा मालच वाढतो. अंड्यावरच्या कोंबड्यांना १६ ते १८ टक्के प्रथिनांचं खाद्य पुरतं. पिलांचं किंवा मांसल कोंबड्यांचं खाद्य त्यांना देऊ नका. रसाळ फळं आणि पाणीदार भाज्या बंद करून चार दिवस पाहा. उन्हाच्या दिवसांत शिट थोडी पातळ होणारच, तिथे गादी जास्त वेळा उलथणं एवढंच हातात आहे.

शिटेत रक्त दिसलं तर पुढची तपासणी सोडा आणि थेट शेवटचा भाग वाचा.

६. गर्दी

बाहेर फिरायला अंगण असेल तर आत प्रत्येक कोंबडीला ४ चौरस फूट. दिवसभर आतच राहात असतील तर दुप्पट. अंडी घालायची खोकी यात मोजायची नाहीत. ६ × ८ फुटांचं खुराडं म्हणजे ४८ चौरस फूट, त्यात १२ कोंबड्या ही वरची मर्यादा. दांडी प्रत्येकीला ८ ते १० इंच. जागा कमी असेल तर गादी, हवा, तख्त हे सगळं योग्य असूनही ओल राहते ती राहतेच. अशा वेळी कोंबड्या कमी करा किंवा खुराडं वाढवा, तिसरा मार्ग नाही.

७. हवा

घरी बांधलेल्या खुराड्यांत सर्वांत जास्त दुर्लक्ष इथे होतं. भक्कम बांधायच्या नादात सगळ्या फटी बुजवल्या जातात. थंडी लागेल म्हणून खिडक्या बंद, मुंगूस येईल म्हणून वरची फट बंद. मग कोंबड्यांच्या श्वासाची वाफ रात्रभर आतच फिरते. पिसं कोरडी असतील तर कोंबडी बरीच थंडी सोसते. ओल्या थंडीत मात्र तिचा तुरा गारठून काळा पडतो.

उघडी जागा जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश हवी, दमट आणि उष्ण हवेत दुप्पट. ६ × ८ फुटांच्या खुराड्यात हे सुमारे ५ चौरस फूट होतं. सोपी मांडणी अशी: दोन्ही ८ फुटी भिंतींच्या वर, छपराच्या लगत, सलग ४ इंचांची पट्टी उघडी ठेवायची. दोन्ही मिळून सव्वापाच चौरस फुटांच्या आसपास भरतात. एकाच भिंतीत मोठी खिडकी काढून भागत नाही, कारण आत आलेल्या हवेला बाहेर जायला समोर वाट लागते.

जागा महत्त्वाची. ही पट्टी दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर असली पाहिजे. गरम, दमट हवा वरून निघून जाते आणि वारा अंगावर येत नाही. तपासायला पातळ कागदाची पट्टी दोऱ्याला बांधून आधी वरच्या फटीजवळ धरा, मग दांडीजवळ. वर ती हलली पाहिजे, दांडीजवळ जवळजवळ स्थिर राहिली पाहिजे. दोन्हीकडे स्थिर असेल तर हवा कोंडते आहे. दांडीजवळ फडफडत असेल तर खालची खिडकी रात्री झाका, वरची पट्टी नाही.

फटीला १२ मिमी चौकोनाची वेल्ड केलेली जाळी लावा आणि ती नुसत्या खिळ्यांनी न धरता पट्टी व स्क्रूने दाबा. षटकोनी कोंबडी-जाळी कोंबड्यांना आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. तिच्या तारा ओढल्या की उलगडतात. जाळीवर धूळ आणि कोळिष्टकं साचून फट निम्मी बंद झालेली पुष्कळदा आढळते. कोरड्या ब्रशने झाडलं की काम होतं, म्हणून नवीन फट कापण्याआधी जुनी साफ करा.

८. छप्पर: गळतंय की घाम सुटतोय

दोन्हींत थेंब पत्र्याच्या आतूनच दिसतात, उपाय मात्र पूर्ण वेगळे. पाऊस नसतानाही, निरभ्र रात्रीनंतर सकाळी पत्रा आतून सगळीकडे सारखा ओला असेल तर तो घाम आहे: आतली दमट हवा गार पत्र्याला लागून पाणी होते. यावर सीलंट लावून काहीही होणार नाही. आधी वरची तपासणी ७ पूर्ण करा. तरी राहिलं तर पत्र्याखाली उष्णतारोधक थर द्या, आणि तो प्लायने झाका. उघडा थर्माकोल कोंबड्या टोचून खातात.

गळती ठरावीक जागी असते, पावसानंतरच दिसते आणि तपकिरी ओघळ सोडते. शोधण्यासाठी एक माणूस आत, एक बाहेर. कोरड्या दिवशी पाइपने पाणी मारायचं ते खालच्या कडेपासून, आणि पाच-पाच मिनिटांनी एकेक हात वर सरकायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या जोडांवरून वाहतं आणि नेमका कुठला जोड गळतो ते कळत नाही. आत थेंब जिथे पडतो, भोक त्याच्या बरोबर वर असेलच असं नाही. पाणी वाशाच्या कडेने दोन-तीन फूट सरकून मग टपकतं.

नालीदार पत्र्याचे स्क्रू उंचवट्यावर हवेत, खोलगट भागात नाही, कारण पाणी खोलगटातूनच वाहतं. रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन फुटतात. सगळे एकदम बदला, किंमत क्षुल्लक असते. भोक मोठं झालं असेल तर एक माप जाड स्क्रू वापरा. पत्र्यांचा जोड उभ्या दिशेने किमान ६ इंच आणि आडव्या दिशेने दीड ते दोन नाल्या असावा. आडव्या जोडाचं तोंड, नेहमीचा पावसाळी वारा ज्या बाजूने येतो तिच्या विरुद्ध बाजूला. गंजून चाळण झालेल्या पत्र्यावर सीलंट म्हणजे एका पावसाळ्याची सोय, पत्रा बदलावाच लागतो.

९. झड आणि पागोळी

१ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. ८ × ८ फुटांचं छप्पर सुमारे ६ चौरस मीटर असतं. २० मिमीच्या एका सरीत त्यावरून १२० लिटर पाणी खाली येतं, आणि पन्हळ नसेल तर ते सगळं भिंतीच्या पायाशी पडतं. तिथून उडून खालच्या फळ्या भिजतात आणि मुरून जोत्याखाली जातं.

छप्पर भिंतीच्या बाहेर किमान १ फूट, झडीच्या बाजूला दीड फूट आलेलं असावं. खालच्या कडेला पन्हळ लावा आणि तिचं पाणी पाइपने किमान ६ फूट लांब किंवा पिंपात सोडा. पन्हळीला थोडा उतार हवा आणि ती पानांनी तुंबलेली नाही हे पावसाआधी पाहायला हवं. तुंबलेली पन्हळ भिंतीकडे सांडते, म्हणजे नसलेलीपेक्षा वाईट.

१०. जमीन

सगळ्यांत कष्टाचं काम, म्हणून शेवटी. आधी खात्री करा. गादी बाजूला करून २ × २ फुटांचा जाड प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर पसरा, चारही कडा चिकटपट्टीने किंवा ओल्या मातीने बंद करा आणि २४ तास ठेवा. थेंब प्लास्टिकच्या खालून असतील तर ओल जमिनीतून येते. वरून असतील तर ती हवेतली आहे. परत तपासणी ७ कडे जा आणि कुदळ ठेवून द्या.

ओल जमिनीची ठरली तर पहिल्यांदा बाहेरची पातळी मोजा. आतली जमीन बाहेरच्यापेक्षा ६ ते १२ इंच उंच असली पाहिजे. वर्षानुवर्षं काढलेली गादी भिंतीलगतच टाकली जाते आणि बाहेरची माती हळूहळू आतल्यापेक्षा वर येते. ती उपसली की काही ठिकाणी आणखी काही करावंच लागत नाही.

पाणी उताराने येत असेल तर वरच्या बाजूला, भिंतीपासून किमान दीड फूट लांब, १ फूट खोल आणि ९ इंच रुंद चर खणा. उतार दर ८ फुटांना १ इंच. तळापासून २० मिमी आकाराची खडी भरा. चर पायाच्या तळापेक्षा खोल नेऊ नका, भिंत खचते. उकरणाऱ्या प्राण्यांसाठी जमिनीत पुरलेली जाळी असेल तर ती तोडू नका, चर तिच्या बाहेरून घ्या.

मातीची जमीन ४ ते ६ इंच उपसून ३ इंच खडी, त्यावर १२ मिमी जाळी, वर ठोकून बसवलेला मुरूम, असं केलं की ओल वर चढणं पुष्कळ कमी होतं आणि घुशीही अडतात. कायमचा उपाय म्हणजे खाली जाड प्लास्टिक अंथरून ३ ते ४ इंच काँक्रीट, दाराकडे थोड्या उतारासह. नवीन काँक्रीटवर लगेच गादी टाकू नका, ते आठवडाभर ओलं ठेवून मग नीट वाळू द्यायचं असतं.

पायांवर उचललेलं लाकडी खुराडं असेल तर खालची फूटभर जागा मोकळी ठेवा. खालून फळ्या मारून ती बंद केली की तळाची प्लाय सुकत नाही आणि थर सुटतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक खांबांच्या बुंध्याला आणि तळाच्या चौकटीला टोचून पाहा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त सहज आत गेलं तर ते लाकूड गेलं. रंग देऊन झाकू नका, तेवढा तुकडा कापून बदला.

दुरुस्तीनंतर

दोष निघाला की गादी पूर्ण काढा, जमीन खरवडा, पाण्याने धुवा, दोन दिवस उन्हा-वाऱ्यावर सुकू द्या. ब्लीच वापरणार असाल तर शिटेचा शेवटचा अंश निघाल्यावरच, कोंबड्या बाहेर असताना आणि दारं उघडी ठेवून. अमोनियावर ब्लीच पडलं तर विषारी वायू सुटतो. काम करताना धूळ अडवणारा मास्क लावा. नवीन गादी टाकल्यावर १०-१२ दिवसांनी त्याच पाच जागी पुन्हा मूठ दाबा. कागदावरच्या पहिल्या नकाशातली एखादी जागा अजून ओली असेल तर तिथली वाट बंद झालेली नाही.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

*पशुवैद्य.* शिटेत रक्त, वासाची दुरुस्ती होऊनही दोन-तीन दिवसांनंतर उघड्या चोचीने किंवा घरघरत चाललेला श्वास, वाकडी झालेली मान, लुळे पाय, सुजलेलं तोंड, निळसर तुरा. ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात आणि लहान पक्षी झपाट्याने दगावतात, त्यामुळे तिथे वाट पाहणं परवडत नाही. अंदाजाने प्रतिजैविकं देऊ नका. दोन-तीन पक्षी अचानक मेले तर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, कापून पाहू नका, पक्ष्यांची ने-आण बंद करा आणि त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. मानमोडी आणि बर्ड फ्लू नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत.

*वायरमन.* ओलीच्या जागेतून वायर गेली असेल, दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी दिसत असेल किंवा पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर बाहेरूनच मुख्य स्विच बंद करा. मगच फोन करा, तोपर्यंत आत जाऊ नका.

*गवंडी किंवा सुतार.* भिंतीची चीर रुंदावते आहे, चौकट तिरकी झाल्यामुळे दार लागत नाही, दोनपेक्षा जास्त खांब बुंध्याशी कुजले आहेत, छपराचा मुख्य वासा वाकला आहे. चर खणूनही कोरड्या दिवसांत जमीन पाझरत असेल तर जवळची पाण्याची किंवा सांडपाण्याची लाइन फुटलेली असू शकते. ती आधी प्लंबरला तपासू द्या.

*जुने सिमेंटचे पत्रे.* त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्यांना भोक पाडू नका, कापू नका, घासू नका, फोडून टाकू नका. ते काढायचं काम त्यातल्या जाणकारालाच द्या.

आणि दम्याचा त्रास असेल, किंवा आत गेल्यावर मिनिटभरात डोळे जळून छाती भरून येत असेल, तर ती गादी स्वतः उपसू नका. दारं-खिडक्या उघडून कोंबड्या बाहेर काढा आणि उपसण्याचं काम दुसऱ्या धडधाकट माणसाला द्या.